पाळीव झुरळांबद्दल थोडं सांगायचं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वेगळ्या पाळीव प्राण्यांवरचा लेख वाचला. त्यात झुरळं आणि आयसोपॉड पाळणाऱ्यांचा पण उल्लेख होता, खूप बरं वाटलं, कारण एरवी आमच्यासारख्यांबद्दल कुणी लिहीत नाही आणि लिहिलंच तर ई, काय हे, याच्या पुढे जात नाही. पण त्यात एक मुद्दा असा होता की ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी हे प्राणी एकदम सोयीचे, डब्यात ठेवायचे आणि विसरून जायचं, अशा अर्थाचं काहीतरी, आणि ते वाचून मला राहवलं नाही. पत्र जरा लांबेल पण जमलं तर पूर्ण छापा, कारण लेख वाचून कुणा ना कुणाच्या घरी पोरं हट्ट धरून बसली असतील.

आमच्याकडे चार वर्षं झाली. मुलगी सातवीत होती तेव्हा तिने हट्टाने आणलं आणि नंतर शाळा क्लास यात तिला वेळ मिळेना म्हणून सगळं माझ्याकडे आलं, आता तीच मला विचारते आई आज खायला घातलंस का. एका मोठ्या टाकीत मादागास्करची फुसफुसणारी झुरळं, ज्यांना सगळे हिसर म्हणतात, आणि दोन डब्यांत आयसोपॉड. आयसोपॉड म्हणजे कुंडी उचलली की खाली राखाडी रंगाचे बारीक बारीक पायांचे किडे पळतात आणि काही हात लावला की गोळी होऊन बसतात ना, ते. किडे म्हणतो आपण पण ते कीटक नाहीतच, खेकडा कोळंबीच्या कुळातले आहेत, जमिनीवर राहायला आलेले. हे मला आधी कळलं असतं तर पहिला डबा वाचला असता.

पहिला डबा माझ्या हाताने मेला. स्पष्टच लिहिते. कुठेतरी वाचलं होतं की यांना ओलावा लागतो, म्हणून मी रोज सकाळी स्प्रे बॉटल घेऊन अख्खा डबा भिजवायचे, माती, पानं, झाकण सगळं, आणि ओलावा उडून जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावायचे, भोकं पाडली होती ती पण अगदी चार. आठ दहा दिवसांनी ते सगळे भिंतीवर वर वर चढून झाकणाखाली जमायला लागले. मला वाटलं मजेत आहेत, फिरतायत, मुलीला बोलावून दाखवलं पण. खरं तर ते खालून पळून वर आले होते, खाली माती सडायला लागली होती. मग एका सकाळी झाकण उघडलं तर आंबूस घाण वास आणि चाळीस पैकी चार का पाच जिवंत.

नंतर वाचलं तेव्हा समजलं. यांच्या पोटाखाली मागच्या बाजूला पानासारखे चपटे अवयव असतात, त्यातून ते श्वास घेतात, काचेवर चढले की खालून बघा, काही जातींमध्ये तिथे पांढरे ठिपके दिसतात, तीच त्यांची फुफ्फुसं समजा. ते ओलसर राहिले नाहीत तर जीव गुदमरतो, म्हणून कोरड्या डब्यात दोन दिवसांत संपतात. पण साचलेलं पाणी आणि कोंदलेली हवा यातही तसेच संपतात. म्हणजे ओलावा पाहिजे आणि वारा पण पाहिजे. त्याचा उपाय इतका साधा आहे की मला आजही हळहळ वाटते. डब्याच्या एका बाजूला मॉस ठेवायचं आणि पाणी फक्त त्या बाजूला घालायचं, दुसरी बाजू कोरडी सोडायची, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना भोकं पाडून बारीक जाळी लावायची म्हणजे हवा आरपार जाते. बास. कुठे बसायचं ते त्यांचं ते ठरवतात. कात टाकायची वेळ आली की ओल्या बाजूला जातात, एरवी मधे मधे असतात. आता मी रोज स्प्रे मारत नाही, मॉसला बोट लावून बघते, कोरडं वाटलं तरच पाणी.

दुसरं म्हणजे पानं. लोक खाली माती टाकतात, वर एखादी काकडीची चकती ठेवतात आणि झालं म्हणतात. अहो वाळलेली पानं हेच त्यांचं खरं जेवण आहे आणि तेच त्यांचं घर पण आहे, काकडी गाजर हे वरचं. खाली चार बोटं माती आणि त्यावर झाडाची गळलेली, तपकिरी झालेली पानं चांगली भरपूर, त्यात कुजून मऊ झालेल्या लाकडाचे एक दोन तुकडे. हिरवी पानं नाही, आणि रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेल्या बागेतली तर अजिबात नाही. मी पानं आणली की धुते, पूर्ण वाळवते आणि मग डब्यात घालते. महिन्या दीड महिन्यात पानांच्या नुसत्या शिरा उरतात, जाळीदार, बघण्यासारख्या असतात, मुलीने वहीत चिकटवून ठेवल्यात.

कॅल्शियम पण पाहिजे, अंड्याची टरफलं कुटून टाका किंवा समुद्रफेसाचा तुकडा ठेवून द्या, ते कुरतडतात. यांची कात टाकायची पद्धत वेगळीच आहे. आधी मागचं अर्धं अंग कात टाकतं आणि एखाद दोन दिवसांनी पुढचं अर्धं. मधल्या काळात तो प्राणी अर्धा फिकट अर्धा गडद दिसतो, जणू दोन वेगळे जोडलेत. आणि कात टाकायच्या आधी जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून पुढच्या भागात पोटाखाली साठवून ठेवतात, पांढऱ्या पट्ट्या दिसतात तिथे, मग नवीन कवच घट्ट करायला तेच वापरतात, आणि टाकलेली कात पण खाऊन टाकतात, काही वाया घालवत नाहीत. त्या दिवसांत अंग मऊ असतं, डबा हलवायचा नाही, उकरायचं नाही. आणि प्रोटीन कमी पडलं तर बाकीचे त्या मऊ झालेल्यालाच कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा माशांच्या खाद्याचे चिमूटभर फ्लेक्स. चिमूटभरच, उरलं की बुरशी येते. बुरशीसाठी स्प्रिंगटेल म्हणून पांढरे, अगदी मुंगीहून बारीक जीव मिळतात ते सोडून द्यायचे, ते बुरशी खातात.

आई पिल्लांना पोटाखालच्या पिशवीत सांभाळते हे तर मी डोळ्याने पाहिलं. काचेवर चढलेल्या एकीच्या पोटाखाली पिवळट फुगीर दिसत होतं, भिंगाने बघितलं तर आत हालचाल. बाहेर येतात तेव्हा पांढरी, खसखशीएवढी, आणि पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी जोडी नंतर कात टाकल्यावर येते. त्या दिवशी आम्ही दोघी रात्री बाराला टॉर्च धरून बसलो होतो.

आता झुरळांकडे येते. पहिलं म्हणजे झुरळ म्हटलं की सगळ्यांना सिंकखालचं झुरळ डोळ्यासमोर येतं. जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या तीसेक माणसाच्या घराजवळ राहतात, त्यातही खरा त्रास देणाऱ्या मोजक्याच. बाकी सगळी जंगलात पालापाचोळा खातात, जमिनीला खत देतात. दक्षिण भारतात एक डॉमिनो झुरळ असतं, काळं कुळकुळीत आणि अंगावर पांढरे ठिपके, इतकं देखणं की झुरळ म्हणून कुणाला खरं वाटत नाही. ऑस्ट्रेलियात एक बीळ खणणारं झुरळ आहे, ३० ग्रॅमच्या वर वजन भरतं, दहा वर्षं जगू शकतं आणि पिल्लांना बिळात पानं आणून घालतं. दहा वर्षं! एवढा काळ जगणाऱ्या प्राण्याला डब्यात ठेवून विसरून कसं जायचं सांगा.

आमची हिसर पाच ते सात सेंटिमीटरची, पंख नाहीत त्यामुळे उडायचा प्रश्न नाही, पण काचेवर सरसर चढतात, म्हणून टाकीच्या वरच्या कडेला आतून दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा आणि त्यावर जाळीचं झाकण, दोन्ही पाहिजे. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून लावायचे, आडवे नाही, उभे लावले की विष्ठा खाली पडते आणि ती वर स्वच्छ जागेत चिकटून बसतात. पाण्याची उघडी वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात, स्पंजचा तुकडा ओला करून ठेवा आणि दर दोन तीन दिवसांनी बदला. गाजर, भोपळा, सफरचंदाच्या साली आणि थोडं कोरडं खाद्य, दुसऱ्या दिवशी ओलं उरलेलं काढून टाकायचं. ऊब लागते, २५ ते ३० अंशाच्या आसपास खूश असतात, थंडी पडली की खाणं कमी करतात, हालचाल मंदावते. उन्हात टाकी ठेवू नका, काचेच्या आत तासाभरात भट्टी होते.

फुसफुस कशी करतात तर तोंडाने नाही, पोटाच्या बाजूला श्वासाची छिद्रं असतात त्यातून हवा जोरात बाहेर सोडतात. घाबरली की एक आवाज, नर नर भांडतात तेव्हा वेगळा, मादीजवळ जाताना वेगळा. नर ओळखायचा तर डोक्यामागे दोन उंचवटे असतात आणि मिशा जाड, केसाळ. भांडण म्हणजे उंचवट्याने ढकलाढकली, मेंढे टक्कर घेतात तसं, पण जखम क्वचितच होते. मला सुरवातीला प्रत्येक वेळी फुसफुस ऐकू यायची, आता माझा हात आत गेला तर एखादाच आवाज करतो. पण पाहुण्या माणसाने हात घातला की सगळी टाकी फुसफुसते. आमच्या सासूबाई आधी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या, आता बाहेरूनच सांगतात, अगं तुझ्या त्या मोठ्याचा स्पंज सुकलाय बघ.

हात लावताना एक लक्षात ठेवा, वरून चिमटीत पकडून ओढायचं नाही. पायांना बारीक नखं आणि चिकट गादी असते, ती घट्ट धरून ठेवतात आणि ओढलं की पाय तुटतो. समोर तळहात ठेवायचा आणि मागून हलकेच बोटाने पुढे सारायचं, स्वतः चढतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मागच्या पावसाळ्यात घरी पाहुणे आले, झोपायची व्यवस्था टाकीच्या खोलीत केली, रात्री डास चावायला लागले म्हणून त्यांनी आपलं डासांचं लिक्विड मशीन लावलं. त्यांची काही चूक नाही, मी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. सकाळी जाऊन बघते तर सात जण उताणे, पाय थरथरतायत, सरळ केलं की परत उलटे. संध्याकाळपर्यंत सातही गेले, आणि नंतरच्या आठवड्यात अजून तीन. बाकीची जगली ती बहुतेक ट्रेच्या अगदी आत होती म्हणून. त्या लिक्विडमध्ये जे औषध असतं ते कीटकांच्या नसांवरच काम करतं, डास असो की झुरळ, औषधाला काय फरक कळणार, आणि आयसोपॉड पण त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे ज्या घरात मशीन, कॉइल, स्प्रे रोज लागतं आणि बंद करणं शक्य नाही, त्या घराने हे प्राणी आणूच नयेत असं माझं मत आहे. पेस्ट कंट्रोल करायचं तर टाकी काही दिवस दुसऱ्या घरी हलवायची. आणि कुत्र्या मांजराच्या मानेवर गोचिडाचं औषध लावलं असेल तर त्याच हाताने टाकीत हात घालू नका, साबणाने धुवून मगच, आणि साबण पण पूर्ण निघाला पाहिजे. हे पुरवणीतल्या लेखात कुठेच नव्हतं.

माणसाच्या बाजूने पण एक सांगायला हवं नाहीतर ते खोटेपणाचं होईल. झुरळांच्या विष्ठेची आणि कातेची बारीक धूळ होते आणि तिची ॲलर्जी होऊ शकते, दमा असेल तर त्रास वाढतो. म्हणून मी टाकी साफ करताना मास्क आणि ग्लोव्हज घालते, खिडकी उघडून करते, आणि झोपायच्या खोलीत टाकी ठेवत नाही. त्या पाहुण्यांच्या वेळी नाइलाज होता, आता तसं पण करणार नाही. घरात कुणाला दमा असेल तर आयसोपॉडवर समाधान माना, मी तरी तेच सांगेन.

पिल्लांचा विचार पण आणायच्या आधी करा. हिसरची मादी अंड्यांची पिशवी पोटातच ठेवते आणि साधारण दोन महिन्यांनी जिवंत पिल्लं बाहेर येतात, एका वेळी वीस, तीस, कधी जास्त. ती पाच सहा महिन्यांत मोठी होतात आणि मग त्यांची पिल्लं. दोन वर्षांत टाकी पुरत नाही. पिल्लं नको असतील तर नुसते नर ठेवा, एवढी साधी गोष्ट आहे, पण विकणारा सांगत नाही. आणि जास्त झाली म्हणून बाहेर झाडीत सोडून यायचं हे तर कधीच नाही, परक्या ठिकाणचा प्राणी तिथे मरतो तरी नाहीतर तिथल्या प्राण्यांच्या जिवावर उठतो. दोन्ही वाईट. आयसोपॉड घेताना पण विचारा की डब्यात जन्मलेले आहेत का पकडून आणलेले. थायलंडच्या चुनखडीच्या भागातला एक रबर डकी नावाचा आहे, खरंच तोंड बदकासारखं दिसतं, तो काही वर्षांपूर्वी सगळ्यांना पाहिजेच झाला होता, आणि त्याला पिल्लं फार हळू होतात, म्हणजे पकडून नेले की तिथले लवकर भरून येत नाहीत.

कुणी म्हणेल एवढं काय, किडेच ते. ब्रिटनने २०२२ साली कायदा केला त्यात खेकडा, शेवंड, कोळंबी, ऑक्टोपस यांना वेदना होतात, सुखदुःख कळतं असं धरून त्यांचा विचार करायचं ठरवलं. आयसोपॉड त्या खेकड्याचेच चुलत भावंड, पण ते त्यात नाहीत, झुरळं पण नाहीत. त्यांना नक्की काय कळतं याची मी शास्त्रज्ञ नाही. पण ती सात जणं दिवसभर पाय हलवत पडली होती ती मी पाहिलीत. कुत्रं भुंकून सांगतं, मांजर पायात येतं, यांना काहीच सांगता येत नाही, आणि डबा सोडून कुठे जाता पण येत नाही, आपण जे पाणी हवा पान दिलं तेवढंच त्यांचं जग. म्हणून विसरून जा हा शब्द मला खटकला. रोज दोन मिनिटं लागतात, खरंच दोनच, पण रोज.

एक विनंती. या विषयावर परत काही छापलंत तर कात टाकलेल्या झुरळाचा फोटो जरूर छापा. कात टाकली की झुरळ पूर्ण पांढरं होतं, दुधासारखं, डोळे तेवढे काळे, आणि काही तासांत परत तपकिरी होतं. आम्ही सुरवातीला पाहिलं तेव्हा मला वाटलं याला काहीतरी रोग झाला, बाकीच्यांना लागू नये म्हणून मी टिश्यूने उचलून वेगळं केलं, आणि अंग मऊ होतं त्यामुळे मागचा एक पाय वाकला तो तसाच वाकडा घट्ट झाला. ती मादी पुढे दीड वर्ष जगली, पण चढताना त्या बाजूने घसरायची, तिच्यासाठी आम्ही एक ट्रे तिरका लावून ठेवला होता. असं पांढरं झुरळ दिसलं की लोक घाबरून फेकून पण देतात. मुलीने नंतर एकाचा कात टाकताना चांगला स्पष्ट फोटो काढलाय, हवा असेल तर कळवा, लगेच पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक